ही म्हणजे तो, मी म्हणजे मला

नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला ही व्याख्या झोपेतून उठवून विचारली तरी तो घडाघडा सांगेल आणि कूस बदलून पुन्हा झोपेल. झोप उडावी असं तिच्यात काही नाहीच. रामाचं नाव सारखं सारखं घ्यायला नको म्हणून 'तो' म्हणायचं. वाक्य आटोपशीर होतं, शाई वाचते. एकूण सर्वनाम हा काटकसरीचा मामला आहे, अशी आपली समजूत करून दिलेली असते.

मग इंग्रजी येतं. पूर्वी ते पाचवीत यायचं, २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीतच येतं. पण कधीही आलं तरी सर्वनामांचा तक्ता घेऊनच येतं. हा तक्ता पाढ्यासारखा पाठ करायचा असतो: आय-माय-मी, वी-अवर-अस, ही-हिज-हिम, शी-हर-हर. चालीत म्हटलं की आरतीसारखं वाटतं. घात अर्थात होतो. पहिल्याच ओळीत 'मी' भेटतो. घरचाच माणूस म्हणून आपण त्याला मिठी मारायला जातो, तर कळतं की हा मी नव्हे, हा 'मला'. खरा मी म्हणजे 'आय'. त्याहून मोठा धक्का पुढे.

"ही म्हणजे तो," बाई फळ्यावर लिहितात.

"मग ती म्हणजे?" तिसऱ्या बाकावरून प्रश्न येतो.

"ती म्हणजे शी."

यानंतर पाच मिनिटं वर्गात शिकवणं होत नाही. मागच्या बाकावरचा मुलगा शेजारच्या मुलीकडे बोट दाखवून नुकतंच मिळालेलं ज्ञान वापरून पाहतो, आणि ती मुलगी 'हिम' व्हायच्या आत त्याला 'इट' करून टाकते. मराठी नवरा ज्या शब्दाने आयुष्यभर बायकोचा उल्लेख करतो, "ही माहेरी गेलीय", "हिला विचारून सांगतो", तोच शब्द इंग्रजीत पुरुषाला लावतात हे पचायला वेळ लागतो. काहींना आयुष्यभर पचत नाही. ते पन्नाशीतही साहेबासमोर बायकोची ओळख करून देताना 'ही इज माय वाइफ' म्हणून मोकळे होतात. मराठीच्या हिशेबाने वाक्य बिनचूक असतं.

पण हा उच्चारांचा गोंधळ वरवरचा. खरी अडचण तक्त्यात दिसत नाही, आणि ती 'यू'पाशी सुरू होते. यू म्हणजे तू, यू म्हणजे तुम्ही, यू म्हणजे आपण. तीनही एकाच घोटात. पोरं हे ऐकून सुटकेचा नि:श्वास टाकतात. मोठ्यांना मात्र घाम फुटतो. मराठी माणसाचं निम्मं आयुष्य कुणाला अरे म्हणावं आणि कुणाला अहो, या विवंचनेत जातं. लग्न ठरलेल्या मुलीला सासूला 'अहो आई' म्हणायचं की 'आई, तू' याचा सल्ला चार मैत्रिणींकडून घ्यावा लागतो. ऑफिसात कालपर्यंत शेजारी बसणारा मित्र साहेब झाला की लोक दोन आठवडे त्याच्याशी कर्ता गाळून बोलतात: "जेवण झालं का?", "मीटिंग किती वाजता?" नातं ठरेपर्यंत क्रियापद लपवून ठेवायचं, ही आमची खास कला. आणि इंग्रज पंतप्रधानाला 'यू' म्हणतो, कुत्र्याला 'यू' म्हणतो, आणि दोघांनाही राग येत नाही.

असं पूर्वीपासून नव्हतं, हे शाळेत कुणी सांगत नाही. इंग्रजांकडेही 'तू' होता. त्याचं नाव 'दाऊ'. यू हा मुळात अनेकवचनी. पुढे तो वडीलधाऱ्या, वरच्या पायरीवरच्या एकट्या माणसालाही लावू लागले, म्हणजे थेट आपला 'तुम्ही'. नोकराला, पोराला, जिवलगाला आणि देवाला दाऊ. देवाला आणि आईला एकेरी हाक मारणाऱ्या मराठी माणसाला हे लगेच समजेल. विठ्ठलाला 'अहो पांडुरंगराव' म्हणणारा वारकरी अजून जन्मायचा आहे.

आणि अरे-तुरेवरून भांडणं? तीही आपल्याइतकीच कडक. १६०३ साली सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील होते एडवर्ड कोक, कायद्याचे मोठे पंडित. भर न्यायालयात त्यांनी रॅलेला दाऊ म्हटलं, वर 'हो, मी तुला तू म्हणतोय' असं ठासून सांगितलं. सरदाराला अरे-तुरे! फाशीच्या शिक्षेपेक्षा हे लोकांना जास्त लागलं की काय कोण जाणे, पण तो प्रसंग इतिहासात राहिला. पुढे त्याच शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी उलटं टोक गाठलं. जॉर्ज फॉक्स आणि त्याचे अनुयायी म्हणाले, देवापुढे सगळे सारखे, तेव्हा एका माणसाला अनेकवचन लावणं म्हणजे शुद्ध खुशामत. आम्ही न्यायाधीशालाही दाऊच म्हणणार. १६६० मध्ये फॉक्सने दोन साथीदारांबरोबर जाडजूड पुस्तक काढलं. त्यात ढीगभर भाषांचे दाखले देऊन एकाला एकवचन आणि अनेकांना अनेकवचन हेच कसं रास्त, ते सिद्ध केलं होतं. व्याकरणासाठी लोकांनी शिव्या आणि मार खाल्ल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. आपल्याकडे व्याकरणासाठी मार फक्त शाळेत मिळतो.

शेवटी इंग्रजांनी भांडणाचं मूळच काढून टाकलं. कुणाला दाऊ म्हणावं याची जोखीम नको, सगळ्यांनाच यू. म्हणजे लोक समजतात तसं इंग्रजीत 'तुम्ही' नाही असं नव्हे. इंग्रजीत 'तू' नाही. इंग्रज आपल्या कुत्र्यालाही 'अहो, बसा' म्हणतो. त्याला बिचाऱ्याला ते माहीत नसतं, एवढंच.

आता घरातल्या 'हे'कडे येऊ. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, या नियमामुळे मराठी बाईने सर्वनामातून एक आख्खा माणूस उभा केला. "हे आले नाहीत अजून." यात मागेपुढे कुठेही नाम नाही, आणि तरी चाळीतल्या प्रत्येकाला कळतं की कोण आले नाहीत. व्याख्येप्रमाणे सर्वनाम नामाऐवजी यायला हवं. इथे नाम कधी आलेलंच नाही, लग्नातला उखाणा सोडला तर. हेच 'हे' घेऊन बाई इंग्रजी शाळेच्या पालकसभेला जातात. शिक्षिका इंग्रजीत विचारतात, मुलाचे वडील आले नाहीत का? बाई तितक्याच आदराने सांगतात, "दे आर पार्किंग द स्कूटर." शिक्षिका दाराकडे बघत राहतात. एक स्कूटर लावायला नक्की किती वडील लागले, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. पाच मिनिटांनी एकच गृहस्थ रुमालाने घाम पुसत आत येतात. बाई म्हणतात, "दे हॅव कम."

हसण्याआधी विचार करा. 'ही इज पार्किंग' म्हटलं असतं तर बाईच्या कानाला ते 'तो स्कूटर लावतोय' असं ऐकू आलं असतं, आणि सासूबाई शेजारी असत्या तर संध्याकाळी जेवताना विषय निघाला असता. माणूस एक आहे हे बाईंना पक्कं ठाऊक आहे. मोजण्यात चूक नाही. मान द्यायला दुसरी जागाच सापडली नाही.

'आय'ची गोष्ट निराळी. जगातल्या बहुतेक भाषांत 'मी' हा इतर शब्दांसारखाच गुमान वाक्यात बसतो. इंग्रजीत तो वाक्याच्या मधोमधही मोठ्या लिपीत लिहितात, 'तू'ला मात्र लहान. यावरून इंग्रजांच्या अहंकारावर भाषण ठोकायची इच्छा होते, पण कारण साधं सांगतात: जुन्या इंग्रजीतला 'इच' झिजत झिजत एका अक्षरावर आला, आणि हाताने लिहिताना ते एकुलतं एक बारीक अक्षर शेजारच्या शब्दात हरवून जाई. ते दिसावं म्हणून उंच केलं. आपल्याकडेही बारीक माणूस गर्दीत दिसावा म्हणून व्यासपीठावर बसवतात. पुढे तो स्वतःला उंच समजू लागतो.

या उंच 'आय'ला शिस्त लावायचं काम आमच्या व्याकरणाच्या पुस्तकांनी केलं. रेन आणि मार्टिन ही नावं भारतात कुणाला सांगायला नकोत, त्यातल्या पी. सी. रेन यांनी 'बो जेस्त' ही फ्रेंच परदेशी पलटणीची साहसकथाही लिहिली हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. तर अशा पुस्तकांतून आणि पुढे स्पर्धा परीक्षांच्या क्लासांतून एक नियम घोटून घेतात: चांगल्या कामात क्रम दोन-तीन-एक, म्हणजे आधी तू, मग तो, शेवटी मी. चूक कबूल करायची असेल तर एक-दोन-तीन, म्हणजे आधी मी. बक्षीस घेताना मागे आणि छडी खाताना पुढे. नियम इतका सुसंस्कृत आहे, की तो पाळणारा माणूस प्रत्यक्षात कुणी पाहिलेला नाही. आमच्या नगरपालिकेत पूल झाला तर एक-दोन-तीन आणि पूल पडला तर तीन-तीन-तीन.

मराठी माणूस 'आय'ला एकूणच बिचकतो. म्हणून मुलाखतीला खुर्चीवर बसताच तो म्हणतो, "मायसेल्फ जोशी फ्रॉम नागपूर." इंग्रज व्याकरणकाराला यात क्रियापद सापडत नाही आणि तो कासावीस होतो. पण जोशींचा विचार सरळ आहे. नुसतं 'आय' म्हणजे उद्धटपणा. 'मायसेल्फ'मध्ये कसं जरा भारदस्त, स्वतः जातीने आल्यासारखं वाटतं. टपालाने नाही, चिठ्ठी देऊन दुसऱ्याला पाठवलेलं नाही, स्वतः जोशी हजर आहेत.

'वी'पाशी मात्र आपण इंग्रजांना वाटेल तितकं हसू शकतो. आम्ही आणि आपण यांतला फरक त्यांच्या भाषेला कळतच नाही. न्यू जर्सीतला अमेरिकन शेजारी शनिवारी सकाळी म्हणतो, आम्ही नायगाऱ्याला चाललोय. 'वी' म्हणतो तो. आता यात मी आहे की नाही? बूट घालायचे, की 'मजा करा' म्हणून हात हलवायचा? मराठीत 'आपण' म्हटलं की डबे भरायला घ्यायचे, आणि 'आम्ही' म्हटलं की कुंड्यांना पाणी कोण घालणार ते आपल्याला विचारलं जाणार, हे ओळखायचं. गुजरातीत हा भेद आहे, तमिळमध्ये आहे, हिंदीत नाही. म्हणूनच कदाचित हिंदीतला 'हम' कधी एकटा असतो आणि कधी आख्खा मोहल्ला.

आमचा 'आपण' तर एकटाच चार माणसांचं काम करतो. पाहुण्याला 'आपण बसावं', मित्राला 'आपण निघू या', गिरगावच्या नाक्यावर छाती पुढे काढून 'आपण नाय कुणाला घाबरत', आणि या सगळ्यानंतर 'त्याने आपणहून माफी मागितली'. भाषांतरकाराने पहिल्यासाठी यू, दुसऱ्यासाठी वी, तिसऱ्यासाठी आय आणि चौथ्यासाठी हिमसेल्फ काढायचा. एवढी माणसं एकाच शब्दात कशी मावतात हे दादरला संध्याकाळी लोकल पकडणाऱ्यालाच कळेल. राजे-महाराजे स्वतःला 'आम्ही' म्हणत, इंग्लंडच्या राण्याही म्हणत. पण १९८९ साली नातू झाल्यावर पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी पत्रकारांना 'आम्ही आजी झालो' अशा थाटाचं वाक्य ऐकवलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची रेवडी उडवली. मराठीत कुणी वळूनही पाहिलं नसतं. आमच्याकडे रुसलेली पाच वर्षांची पोरगीही 'आम्ही नाही जेवणार जा' म्हणते, आणि तिच्यामागे कुठलंही साम्राज्य नसतं.

'इट'बद्दल फार बोलत नाही. मराठीत पंखा तो, खुर्ची ती, टेबल ते. इंग्रजीने सगळ्यांना एका रांगेत 'इट' करून बसवलं. जहाज तेवढं 'शी' राहिलं होतं, तर 'लॉइड्स लिस्ट' या जहाजवाल्यांच्या जुन्या वर्तमानपत्राने २००२ मध्ये तिलाही 'इट' केलं आणि म्हाताऱ्या खलाशांनी संतापून पत्रं लिहिली. तान्ह्या बाळाला इंग्रज 'इट' म्हणतो म्हणून आपण नाक मुरडतो, पण मस्ती करणाऱ्या मुलाला आपणही पुल्लिंगातून काढून 'ते कार्टं' करतोच. गोव्याकडे कोकणीत तर तरुण मुलगी सरळ नपुंसकलिंगी, 'तें चेडूं', आणि त्यात काडीचा अपमान नाही.

शिल्लक राहिले ही आणि शी, आणि सध्या जगात भांडण यांच्यावरूनच आहे. ते वाटतं तितकं नवं नाही. १८५० साली ब्रिटिश संसदेने कायद्यांची भाषा आटोपशीर करायला कायदा केला: पुल्लिंगी शब्दात स्त्रीही धरावी. तोच धागा धरून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या आठव्या कलमाने सांगितलं, की 'ही' हे सर्वनाम पुरुषाला आणि स्त्रीला, दोघांनाही लागू. मराठी वाचकाला यात सांगण्यासारखं काय होतं तेच कळलं नसेल. 'ही' म्हणजे बाईच की! गंमत पुढे आहे. पुल्लिंगात स्त्री धरायची तर मग मतदानाच्या कायद्यातही धरा, असं म्हणून इंग्लंडमधल्या बायका कोर्टात गेल्या. १८६८ मध्ये चॉर्ल्टन विरुद्ध लिंग्ज या खटल्यात न्यायाधीशांनी निकाल दिला: छे, इथे नाही धरायची. म्हणजे चोरी केली तर 'ही'मध्ये 'शी' आली, मत द्यायला निघाली तर 'ही'मधून 'शी' बाहेर. शाई वाचवणारं सर्वनाम ते हेच. मतदाराच्या बोटाची शाईसुद्धा त्याने वाचवली. आपल्या नव्या भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यात, 'ही' तसाच आहे. फक्त पुरुष आणि स्त्री यांच्याबरोबर तृतीयपंथीयांनाही त्याने आत घेतलं आहे.

ही आणि शी दोघांनाही चालेल असा एक शब्द करून टाकावा, हेही अनेकांना सुचलं. अमेरिकेतले चार्ल्स कॉन्व्हर्स नावाचे वकील चर्चच्या गाण्यांना चाली लावत. त्यांनी १८५८ मध्ये 'दॉन' हे सर्वनाम तयार केलं. मेरियम-वेबस्टरच्या मोठ्या कोशात १९३४ साली ते विराजमानही झालं, आणि १९६१ च्या आवृत्तीत गुपचूप बाहेर पडलं. मधल्या सत्तावीस वर्षांत कोशाबाहेर ते फारसं कुणी वापरलं नाही. कुणी शब्द करावा आणि लोकांनी तो वापरू नये, हा अनुभव आपल्या शासनव्यवहार कोशालाही नवा नाही.

शेवटी कामाला आला तो 'दे'. आणि हा तर मुळात पाहुणा. व्हायकिंग लोक उत्तर आणि पूर्व इंग्लंडात येऊन राहिले, त्यांच्या भाषेतून हा आला. भाषा एकमेकींकडून नामं उसनी आणतात, ते शेजारून वाटीभर साखर आणण्यासारखं. सर्वनाम आणणं म्हणजे शेजारचा गॅसच उचलून आणणं. पण इंग्रजीने तो आणला आणि चौदाव्या शतकापासून एकट्या माणसालाही लावला: दारात कुणी आलंय, 'त्यांना' आत घ्या, अशा थाटात. मधे व्याकरणाच्या मास्तरांनी त्यावर दोनशे वर्षं लाल शाई मारली. आता ज्यांना ही किंवा शी यांपैकी काहीच आपलं वाटत नाही, ती माणसं 'दे' मागतात, आणि २०१९ चा वर्षाचा शब्द म्हणून मेरियम-वेबस्टरने त्याचीच निवड केली. म्हणजे पालकसभेतल्या त्या बाई चुकल्या नव्हत्या. थोड्या लवकर आल्या होत्या.

यावर पाश्चात्त्य देशांत केवढे वाद! कुणी म्हणतं, एका माणसाला अनेकवचन लावायचं म्हणजे भाषेची वाट लागली. आपण शांतपणे चहा प्यावा. आपल्याकडे 'साहेब आले' हे वाक्य रोज सकाळी साडेदहाला म्हटलं जातं. एका साहेबाला अनेकवचन लावून आपल्या भाषेची वाट लागली असती तर मंत्रालयाचा जिनाही चढता आला नसता. समोरच्याला हवं तसं संबोधायचं, त्याच्या पाठीमागेही नीट बोलायचं, यासाठी व्याकरण वाकवणं हा आमचा पिढीजात धंदा आहे. सर्वनाम नामाच्या जागी येतं हे पुस्तकातलं. घरात, ऑफिसात आणि कोर्टात ते येतं मानाच्या जागी. त्यात फक्त अक्षरं उलटी लागलेली आहेत.

हिंजवडीतल्या कंपन्यांत आता पत्राखाली सहीसोबत 'शी, हर' किंवा 'दे, देम' लिहिलेलं दिसतं. नव्याने रुजू झालेल्याकडून फॉर्म भरून घेतात, त्यातही रकाना असतो: तुमची सर्वनामं कोणती? सांगलीहून आलेली मुलगी तिथे पटकन 'शी' लिहिते आणि आईला फोनवर सांगते, "आई, मी जेवून येतो गं." तिकडे बायका सर्रास असंच बोलतात, कुणाला वावगं वाटत नाही. पण तिच्या शेजारचा मराठी गृहस्थ अडलेला असतो. घरी बायको 'अहो' म्हणते, तिच्या मैत्रिणींत मी 'हे' असतो, सासुरवाडीला 'जावईबापू, आपण', आई 'तू' म्हणते, धाकटा भाऊ 'तो दादा' म्हणतो, सोसायटीच्या सभेत 'सेक्रेटरीसाहेब ते', थकबाकीदारांत 'हा शहाणा', आणि दूधवाल्याच्या वहीत नुसता 'तिसरा मजला'. रकान्यात जागा दोन शब्दांची. त्याने हात वर केला आणि सवयीने पुरवणी मागितली.